भोपळा कुळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षे टाळली. संधी आली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. शिवाजीनगरच्या एका सभागृहात मला शाल घालताना सूत्रसंचालक म्हणाला, "काकांनी मराठी ज्ञानकोशात वनस्पतींची सगळी कुळं लावून दिली," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईक हाताच्या अंतरावर होता. मी शाल सारखी केली आणि खाली बसलो. ती शाल कपाटात आहे. कपाट उघडले की मला अजून संताप येतो, आणि तो फक्त स्वतःचा येतो असे म्हणण्याइतका मी सज्जन नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांचाही येतो. त्यांच्यातल्या कोणीही कोशातली हटवलेल्या पानांची नोंद उघडून पाहिली असती तर सगळे तिथेच दिसले असते. कोणी पाहिली नाही.

मी मूळचा नागपूरचा. तरुणपणी बंगळूरच्या एका कारखान्यात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथे तपासणी विभागात राहिलो. तयार भाग टेबलावर यायचे, मी मापे घ्यायचो आणि हिरवी किंवा लाल चिठ्ठी चिकटवायचो. लाल चिठ्ठीच्या भागाचे पुढे काय होते ते विचारायची पद्धत नव्हती. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, तेव्हा मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात शिरलो. कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा तो कोश. माणसे कमी, काम डोंगराएवढे. थोड्याच काळात मला प्रचालक केले, म्हणजे पाने हटवण्याचे, पानांना कुलूप घालण्याचे आणि एखाद्या सदस्याला लिहायला बंदी करण्याचे अधिकार दिले. चिठ्ठ्या पुन्हा हातात आल्या. मला किती बरे वाटले ते आता लिहायची लाज वाटते.

आमच्या इंदिरानगरच्या घराच्या मागच्या रस्त्याला एक जोडपे राहत असे. कैक पिढ्यांपासून बंगळूरमध्ये असलेले मराठी घर. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. नवऱ्याला सगळे अण्णा म्हणत आणि बायकोला अक्का, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी बागेत माझ्याबरोबर फिरायला येत. अक्कांनी सगळी नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवली होती, तीही इंग्रजीतून. मराठीत लिहायची त्यांना सवय नव्हती आणि हौस मात्र दांडगी होती. ज्ञानकोशात आधी त्या आल्या. बाई दिवसभर संगणकापुढे काय करते ते बघायला अण्णा खुर्चीमागे उभे राहू लागले, आणि पुढे त्यांनीही खाते काढले. अण्णा बंगळूरच्या तळ्यांवर लिहीत, अक्का वनस्पतींवर. हॉलमध्ये एकच संगणक. एक उठला की दुसरा बसायचा. त्या घरची इंटरनेटची जोडणी करून देणारा माणूसही मीच आणला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाद झाला तो नावांवरून. वनस्पतींच्या प्रत्येक पानावर उजवीकडे एक चौकट असते. त्यात ती वनस्पती कोणत्या गणातली, कोणत्या कुळातली ते लिहायचे, आणि प्रत्येक कुळाचे स्वतःचे वेगळे पान असते. त्या कुळाला मराठीत म्हणायचे काय? माझे म्हणणे असे की जगभर चालणारे लॅटिन नावच देवनागरीत लिहावे. कुकर्बिटेसी, माल्व्हेसी, सोलॅनेसी. अक्कांचे म्हणणे, कुळाला त्यातल्या घरोघरी माहीत असलेल्या झाडाचे नाव द्यावे. भोपळा कुळ, भेंडी कुळ, वांगे कुळ. त्यांनी तशी पाने लिहूनही टाकली होती, आणि ती चांगली होती. भोपळा कुळाच्या पानावर काकडी, कलिंगड, कारले आणि तोंडली एकमेकांची भावंडे का, ते त्यांनी वेलीच्या आधाराला गुंडाळणाऱ्या तणाव्यापासून आणि फुलापासून असे समजावले होते की सातवीतल्या मुलालाही कळावे.

डिसेंबरात त्यांच्याकडे अवरेकाळू, म्हणजे ओले पावटे, सोलून केलेली उसळ असायची. एकदा मी ती खात असताना विषय निघाला.

"भावजी, मुलगं पान उघडतंय आणि पहिलाच शब्द कुकर्बिटेसी. बंद करून जाणार की ते," अक्का म्हणाल्या.

"पण भोपळा म्हणजे कोणता, अक्का? आमच्या नागपूरला लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. मग आम्ही काय करायचं?"

"मग कोहळा कुळ म्हणा. तोही त्याच घरातला आहे."

अण्णा हसता हसता ठसकले. "घाल आता तुझी लाल चिठ्ठी," ते मला म्हणाले.

मीही हसलो. पण घरी जाताना ते हसणे माझ्या अंगात राहिले नव्हते. इथे खरे ते लिहितो. त्यांची बाजू मला पटत चालली होती आणि म्हणूनच ती मला खपत नव्हती. जिच्या वाक्यात थोडे म्हणायला कन्नड स्वल्प आणि बरे म्हणायला सरी येते, जी 'मुलगं' म्हणते, ती बाई मराठी ज्ञानकोशात मराठीचे काय व्हावे ते ठरवणार? असा तो विचार होता. नागपुराहून पोटासाठी इथे आलेला मी, आणि जिच्या घरात शेकडो वर्षे परमुलखात मराठी टिकली तिला मराठी शिकवायला निघालो होतो.

ज्ञानकोशात मतभेद मिटेनासा झाला की कौल घेतात. चर्चेच्या पानावर ज्याने त्याने आपले मत कारणासह नोंदवायचे. आम्ही कौल लावला. मुदत संपत आली तेव्हा घरगुती नावांची बाजू एका मताने पुढे होती, आणि त्या बाजूला अक्काही होत्या, अण्णाही होते. तेवढ्यात माझ्या बाजूच्या एका तरुणाने तक्रार केली. हा पुण्याहून आलेला, इंदिरानगरातच एका कंपनीत कामाला, हुशार, आणि नियमांचा भारी शौकीन. त्याने लिहिले की ही दोन खाती एकामागून एक उघडतात, दोघांच्या लिहिण्यात तेच कन्नड शब्द येतात, दोघे नेहमी एकाच बाजूने मत देतात. तेव्हा हे दोन सदस्य नसून एकाच माणसाने दोन खाती चालवली आहेत. अशा दुसऱ्या, खोट्या खात्याला तिथे बाहुले म्हणतात. बाहुल्याचे मत बाद होते आणि खाते कायमचे बंद.

तपासणी दूरदेशी बसलेल्या स्वयंसेवकांनी केली. त्यांना मराठी येत नाही, त्यांना फक्त जोडणीचा क्रमांक दिसतो. त्यांनी कळवले: दोन्ही खाती एकाच जोडणीवरून चालतात, निर्णय स्थानिक प्रचालकाने घ्यावा.

एकाच जोडणीवरून चालणारच. एका घरात नवरा-बायको राहत होते. जगात ही गोष्ट नवलाची आहे काय? पण त्या नियमावलीला नवरा-बायको ठाऊक नव्हते. एका संगणकापुढे पाळीपाळीने बसणारी दोन म्हातारी माणसे ठाऊक नव्हती. तिला एक क्रमांक म्हणजे एक माणूस एवढेच ठाऊक होते. आणि ज्याला सगळे ठाऊक होते, ज्याने ती जोडणी करून दिली होती, त्या खुर्चीशेजारी बसून ज्याने उसळ खाल्ली होती, तो स्थानिक प्रचालक मी होतो. एक ओळ लिहायची होती: या दोघांना मी ओळखतो, ही दोन माणसे आहेत. मी लिहिले, "तांत्रिक पुरावा स्पष्ट आहे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी ते वाईटच होते. पण मला पुढे आणखी एक निवड करायची होती आणि ती मी केली. नियम असा की दोन खात्यांपैकी जुने ते मूळ धरायचे आणि नंतरचे ते बाहुले. जुने खाते अक्कांचे होते. नियमाने बंद व्हायचे तर अण्णांचे खाते बंद व्हायला हवे होते. मी अक्कांचे बंद केले. त्यांच्या सदस्यपानावर चौकट लावली की हे खाते अमुक सदस्याचे बाहुले आहे, आणि त्या जागी अण्णांचे नाव घातले. का? कारण वाद अक्का घालत होत्या, अण्णा नव्हे. आणि मला खात्री होती की बायको हे नवऱ्याचे बाहुले असे लिहिले तर कोणाला काही खटकणार नाही. कोणाला खटकले नाही. खाते उघडल्याची तारीख आजही सगळ्यांना दिसते. ज्या तरुणाला स्वल्पविरामाची चूक लांबून दिसते, त्यालाही ती दिसली नाही.

एक मत बाद झाले आणि कौल बरोबरीत आला. बरोबरीत निर्णय प्रचालकाचा. कुकर्बिटेसी जिंकली.

बंदी घातलेल्या सदस्याला फक्त स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येते. अक्कांनी तिथे लिहिले, "भावजी, मी आहे. परवा माझ्या हातची अवरेकाळू खाल्लीत तुम्ही. बाहुली कशी वाढेल?"

मी ते वाचले. मग उत्तर दिले, "चर्चेत वैयक्तिक संदर्भ देऊ नयेत," आणि त्या पानाला कुलूप घातले. म्हणजे तिथे यापुढे प्रचालकाखेरीज कोणालाही काही लिहिता येऊ नये. त्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बागेत आले. मला वाटले होते येणार नाहीत. एक फेरी आम्ही घातली. मग ते म्हणाले, "माझं ठेवलंस आणि तिचं काढलंस. घरात उलटं आहे रे. मीच तिचा बाहुला."

मी म्हणालो, "अण्णा, प्रक्रिया आहे. माझ्या हातात काही नव्हतं."

"सरी," अण्णा म्हणाले आणि फाटकाकडे वळले. त्यानंतर ते दुसऱ्या बागेत फिरायला जाऊ लागले. तळ्यांवरचे त्यांचे लिहिणेही थांबले.

मी मात्र थांबलो नाही. अक्कांची पाने नव्या नावांवर न्यायची होती. पान रीतसर हलवले तर लिहिणाऱ्याचे नाव पानाच्या इतिहासात, म्हणजे कोणी कधी काय लिहिले त्या नोंदीत, राहते. मी त्यांची पाने इतिहासासकट हटवली आणि तोच मजकूर नव्या नावाच्या पानावर स्वतःच्या हाताने घातला. घाईत झाले असे मी स्वतःला सांगत आलो. घाई कसली होती? माझ्या मागे कोण लागले होते? भोपळा, भेंडी, वांगे, हळद, सगळ्या कुळांच्या इतिहासात पहिले नाव आता माझे आहे. ती शाल त्याची.

काही वर्षांनी अण्णा गेले. मी अंत्यदर्शनाला गेलो, गर्दीत मागे उभा राहिलो आणि घरी आलो. अक्कांनी इंदिरानगरचे घर भाड्याने दिले आणि देवनहळ्ळीला मुलीकडे राहायला गेल्या. विमानतळाजवळ पूर्वीच्या द्राक्षमळ्यांवर जे नवे लेआउट, म्हणजे घरांसाठी आखलेले प्लॉट, पडले, त्यातल्या एका घरात.

त्याच सुमारास मला ज्ञानकोशात एक नवा त्रास सुरू झाला. खाते न उघडताही तिथे लिहिता येते, तेव्हा नावाऐवजी फक्त क्रमांक दिसतो. असा कोणीतरी बिनखात्याचा माणूस रोज एका कुळाचे पान उघडी आणि लॅटिन नावापुढे घरगुती नाव घालून जाई. कुकर्बिटेसी, म्हणजेच भोपळा कुळ. दुसऱ्या दिवशी झिंजिबेरेसी, म्हणजेच हळद कुळ. मी रोज सकाळी चहाबरोबर ते काढून टाकत असे. कारणाच्या रकान्यात लिहीत असे, "कौलाविरुद्ध." हे कोण असेल असा प्रश्न मला पडला नाही. इथे मला माझ्या बुद्धीचाच राग येतो.

माझ्या बायकोने एक दिवस सरळ विचारले, "अक्कांना भेटायला जाणार आहेस की त्यांच्याही शेवटाला मागे उभा राहणार आहेस?" मी बसने देवनहळ्ळीला गेलो. वाटभर वाक्य घोकत होतो.

अक्का गच्चीवर कुंड्यांमध्ये होत्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "या भावजी. स्वल्प बाजूला बसा, तिथं ओलं आहे." मुलीने कॉफी आणून दिली आणि कठड्याशी उभी राहिली. तिने मला ओळखले होते, हसली नाही.

मी म्हणालो, "अक्का, मला त्या वेळचं तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला की." त्यांनी तोंडलीच्या वेलाचा शेंडा काठीला बांधला. "आधी मी सांगते. मी अजून लिहिते तुमच्या कोशात. चोरून. खातं नाही म्हणून नंबर दिसतो. रोज एक कुळ घेते आणि आपलं नाव घालते. कोणीतरी काढतं."

कॉफीचा पेला माझ्या हातात होता.

"काढणारा नेमाचा आहे हो. एक दिवस चुकवत नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं वाटतं. रोज कोणीतरी आपलं वाचतंय."

कोणी काय काढले ते पानाच्या इतिहासात नावासकट दिसते. अक्कांना ते वाचता येत होते. माझे नाव त्या रोज सकाळी वाचत होत्या आणि आज ते माझ्या तोंडून यावे म्हणून त्यांनी दार उघडून दिले होते. त्यांनी काम थांबवून माझ्याकडे पाहिले आणि वाट पाहिली. मी म्हणालो, "कॉफी छान झालीये." त्या पुन्हा वेलाकडे वळल्या. "सरी," त्या म्हणाल्या. हुबेहूब अण्णांसारखे.

परत आल्यावर मी त्यांची भर काढायचे थांबवले. हा माझा पराक्रम. पण मग ते काम त्या पुण्याच्या तरुणाने हाती घेतले. तोपर्यंत तो प्रचालक झाला होता, आणि मी दृष्टी कमी झाल्याचे कारण देऊन अधिकार परत केले होते. ते कारणही खोटे. रोज काढल्या जात असूनही अक्कांच्या ओळी काही महिने येत राहिल्या. नंतर एका आठवड्यात आल्या नाहीत. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई सोमवारी गेली, काका. तुम्हाला कळवायचं राहिलं." ते राहिले नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मग मात्र मी उठलो. तो तरुण इंदिरानगरच्या एका कॅफेत भेटला. मी त्याला सगळे सांगितले, काही न वगळता. त्याने नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, सॉरी टू हिअर. पण तेव्हा प्रोसेस फॉलो झाली होती ना?"

"प्रक्रिया मीच केली होती. ती खोटी होती. ती बाई खरी होती. ती चौकट काढ."

"त्याला काही रेफरन्स आहे का? म्हणजे छापील वगैरे?"

"ती बाई होती याला रेफरन्स?"

"काका, पर्सनल आठवण रेफरन्स म्हणून चालत नाही. तो नियम तुम्हीच मराठीत आणलाय." तो चेष्टा करत नव्हता, हेच भयंकर होते. "आणि आता त्या नाहीयेत तर... लो प्रायॉरिटी आहे, असं मला वाटतं."

मी टेबलावर हात आपटला. शेजारची मंडळी वळून बघू लागली. आपटायला मला हक्क नव्हता, ते यंत्र तेल घालून चालते करणारा मीच. तरी सांगतो, मला आजही तो राग योग्य वाटतो. कारल्याचे कुळ कोणते हे सिद्ध करायला पुरावा मागा, जरूर मागा. पण जिने ते कारले, ते कुळ, ते पान लिहिले, ती बाई अस्तित्वात नव्हती असे जाहीर करायला आम्हाला एका जोडणीचा क्रमांक पुरला होता. ती होती म्हणायला मात्र छापील कागद लागतो.

छापील कागद हवा, तर मी छापीन असे ठरवले. मुलीला फोन करून विचारले, आईचे नाव घालून सगळे लिहू का. ती म्हणाली, "नको. आईवर तुम्ही एकदा लिहिलंत, तेवढं पुरे झालं." म्हणून इथे कोणाचे नाव नाही, आणि नाव नसलेला लेख त्या तरुणाला पुरावा म्हणून चालणार नाही. हे मला माहीत आहे. तरी लिहितो आहे.

चौकट अजून तिथेच आहे. खाली त्यांचे चर्चापान आहे, त्यावर अवरेकाळूची ती ओळ आहे आणि त्याखाली माझी. पानाला मी घातलेले कुलूप आहे आणि किल्ली आता माझ्याकडे नाही. आजही ते पान उघडतो. लिहायची जागा करडी पडलेली असते, तिथे अक्षर उमटत नाही. मला तिथे एवढेच लिहायचे होते:

अक्का, ज्याने ही चौकट लावली त्या मला तुम्ही बाहुले नाहीत हे तेव्हाही माहीत होते. रोज सकाळी काढणारा मी होतो. तुमच्या हातची उसळ मी खाल्ली होती. ते भोपळा कुळच आहे. मला माफ करा.